दुधाचे खांब

वैरणीची गंजी माणसाच्या कमरेइतकी उरली, तेव्हा सासऱ्यांनी एकदाचं तोंड उघडलं. तोवर ते रोज सकाळी गंजीभोवती फेरी मारायचे, काठीनं एखादी पेंढी उचकून बघायचे आणि घसा खाकरत परत ओट्यावर येऊन बसायचे. घरातल्या दोन्ही सुनांना त्या खाकरण्याचा अर्थ कळत होता, पण विचारायचं कुणी?

"दोन गाई एवढ्यावर पावसापर्यंत निघायच्या नाहीत," त्या सकाळी ते म्हणाले. "एक विकायची. म्हणजे दुसरी तरी जगेल."

थोरली सून शेणाची पाटी डोक्यावर घेऊन निघाली होती, ती तशीच उभी राहिली. धाकटी चुलीपुढं बसली होती, तिची फुंकणी हातातच राहिली.

"कुठली, मामंजी?" थोरलीनं विचारलं.

"जी कमी दूध देते ती. त्यात विचारायचं काय?"

गोठ्यात तांबडी आणि काळी अशा दोन गाई होत्या. म्हणायला दोन्ही घराच्याच. पण तांबडीची आई तिला जन्म देऊन दगावली होती, आणि थोरलीनं त्या ओल्या वासराला दुधात बुडवलेली चिंधी चोखायला देऊन जगवलं होतं. तिच्या मांडीवर पोटची पोर यायच्या आधी तांबडीचं डोकं विसावलं होतं. काळी धाकटीच्या बापानं लेकीच्या पाठोपाठ पाठवलेली. तांबडीच्या कासेला थोरलीचा हात, काळीच्या कासेला धाकटीचा, असं आपोआप ठरून गेलं होतं. दोघींचे नवरे लांब रस्त्याच्या कामावर होते आणि आठवड्याला एखादी चक्कर टाकायचे, त्यामुळे घरात काय ते या दोघी, म्हातारा, आणि थोरलीची मुलगी चिंगी.

"आजोबा, मी मोजू?" चिंगी आतून धावत आली. तिची एक वेणी घातलेली, एक सुटलेली. "बाईंनी सगळ्यांना काहीतरी मोजायला सांगितलंय. लोहाराचा मुलगा रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या मोजतोय. शिंप्याची मुलगी अंडी मोजतेय, पण तिची कोंबडी रुसलीय. मी दूध मोजते. मग त्याचा आलेख काढायचा."

"कसला लेप?"

"लेप नाही हो, आलेख! चित्रच असतं. जेवढं दूध तेवढा उंच खांब. रोज एकाच वेळी मोजायचं, एकाच मापानं मोजायचं, आणि दिसेल तेच लिहायचं. आपल्याला आवडेल ते नाही."

म्हातारा हसला. "बाईला म्हणावं, गावाचे पंच तुझ्याकडं शिकायला पाठवतो. मोज बाई. संध्याकाळची धार मोज. कुणाच्या मनात काही राहायला नको."

थोरलीला बरं वाटलं. पोर आपली, माप पोरीच्या हातात. तिनं पाटी सावरली आणि ती उकिरड्याकडं गेली.

पण संध्याकाळी ती गोठ्यातून आली, तर चिंगी काकूच्या मांडीला मांडी लावून बसलेली. समोर जुन्या कॅलेंडरचा मोठा कागद उलटा पसरलेला. धाकटी शाळेत बरीच शिकलेली. ती लाटण्याच्या कडेनं सरळ रेघा ओढत होती आणि चिंगी जीभ बाहेर काढून लाटणं दाबून धरत होती. दोघींची डोकी एकमेकींना लागलेली. पोरीची दुसरी वेणीही आता घातलेली होती, घट्ट आणि नेटकी, शेवटाला फीत बांधून.

"मी घालणारच होते की वेणी," थोरली म्हणाली.

"तुमचे हात शेणाचे होते ना जाऊबाई, म्हणून घातली," धाकटी मान वर न करता म्हणाली. बोलणं साधंच होतं. पण थोरलीनं आपले हात बघितले आणि पदराला पुसले.

ती कागद बघायला वाकली.

"आई, हात नको लावू! ओले आहेत," चिंगी ओरडली.

थोरलीनं हात मागं घेतला. आयुष्यभर जिला ओल्या हातांनी न्हाऊ-माखू घातलं, तिनंच असं म्हणावं!

कागद खळीनं स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला गेला, गोठ्याच्या दाराशेजारी. रोज दिवस मावळायला लागला की चिंगी पितळी माप घेऊन गोठ्यात उभी राहायची. आधी तांबडीची धार, मग काळीची. माप गळ्यापर्यंत भरलं की एक चौकट. तांबडीच्या चौकटी विटेच्या तुकड्यानं रंगवायच्या आणि काळीच्या कोळशानं. एका दिवसाचे दोन खांब शेजारी शेजारी.

थोरलीला अक्षर येत नव्हतं. दुकानाची पाटी, औषधाची बाटली, नवऱ्याची चिठ्ठी, सगळं तिला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागायचं, आणि हल्ली ते तोंड बहुतेक धाकटीचंच असायचं. पण हा कागद तिला कुणाच्या मदतीशिवाय वाचता आला. उंच खांब उंच होता आणि बुटका बुटका. चौथ्या-पाचव्या दिवशी पिठाचे हात घेऊन ती त्याच्यापुढं उभी राहिली, आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः वाचलेली गोष्ट अशी निघाली की रोज कोळशाचा खांब विटेच्या खांबाच्या वर डोकं काढून उभा आहे. जास्त नाही, एक चौकट, कधी दीड. पण रोज.

शेजारीण ताक मागायला आली, तिनंही बघितलं. "अगंबाई, काळीनं बाजी मारली की! धाकटे, गाय पण तुझ्यासारखीच गुणाची निघाली गं."

"गायीचं काय एवढं," धाकटी म्हणाली, पण तिच्या गालाला खळी पडलीच.

शेजारीण थोरलीकडं वळली. "तुझी तांबडी आता वयानं पण झाली असेल, नाही?"

"माझ्याहून लहानच आहे," थोरली म्हणाली. "ताक घेतलंस ना? मग झाकून ने, धूळ उडतेय."

रात्री सगळी जेवायला बसली. चिंगी काकूला विचारत होती, अर्धं माप भरलं तर अर्धी चौकट कशी रंगवायची, आणि काकू ताटातल्या भातात बोटानं रेघ मारून तिला दाखवत होती. दोघी हसत होत्या. थोरलीच्या मनात आलं, ही घरात आली तेव्हा गाय घेऊन आली, अक्षर घेऊन आली. मी काय आणलं होतं? दोन हात. आणि ते ओले.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी हंडे घेऊन तळ्याकडं गेली. तळं आटून लांब सरकलं होतं, जाऊन यायला दुपार मोडायची. म्हातारा ओट्यावर तोंडावर फडकं टाकून झोपला होता. थोरली गोठ्यात आली. काळीचं वासरू पलीकडच्या खुंट्याला बांधलेलं होतं. तिला बघून ते हंबरलं.

"ओरडू नको, मेल्या," ती म्हणाली, आणि तिनं दाव्याची गाठ सैल केली.

वासरू आईच्या पोटाखाली घुसलं आणि ढुशा मारत प्यायला लागलं. थोरली त्यांच्याकडं पाठ करून दाराशी उभी राहिली. तो चुटूचुटू आवाज तिला ऐकू येत होता. पण थांबवावं असं काही वाटेना. पोट भरल्यावर तिनंच वासराला ओढून बांधलं.

संध्याकाळी धाकटी कासेखाली बसली. धार आधी जाड आली, मग एकदम बारीक झाली. तिनं सड चोळले, कासेवर पाणी मारलं, गायीच्या कानाशी काहीबाही बोलली. काही नाही. चिंगीनं मापात ओतलं आणि ओठ चावले.

"कमी आहे काकू."

"आहे तेवढं लिही," धाकटी म्हणाली. तिनं वासराकडं एकदा बघितलं आणि भांडं उचललं.

कोळशाचा खांब विटेच्या खाली उतरला. एक दिवस सोडून परत उतरला. मग परत. म्हातारा सकाळी गंजीवरून येऊन कागदापुढं उभा राहायचा, काठीनं खांबांची टोकं जोखायचा. शेवटी म्हणाला, "काळीचं काही खरं नाही. अजून आठवडा बघू. मग व्यापाऱ्याला निरोप धाडतो."

धाकटीनं काळीच्या पाठीवरून हात फिरवला आणि वैरणीतली बरी बरी काडी निवडून तिच्यापुढं टाकली. थोरलीनं ते बघितलं. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण दाताखाली खडा यावा तसा.

चिंगी मात्र हटून बसली. "बाई म्हणतात, खांब असा अचानक उतरला तर आधी कारण शोधायचं. चारा तोच आहे, पाणी तेच आहे. मग काय बदललं? आई, तुला काय वाटतं?"

किती दिवसांनी पोरगी आपल्याला काही विचारत होती! थोरली तिच्याजवळ सरकली. तिच्या तोंडून निघून गेलं, "हात. गाय हाताला ओळखते. तुझ्या काकूच्या हाताला पान्हा चोरत असेल ती. काकूचं लक्ष हल्ली कागदात असतं ना."

चिंगीचे डोळे चमकले. "म्हणजे हे कारण? लिहू?"

"लिही की."

शाळेत ज्यानं त्यानं आपला आलेख सगळ्यांपुढं समजावून सांगायचा होता. आयाबाया बोलावल्या होत्या, म्हणून दोघी जावा गेल्या. वर्गात बसायला सतरंजी होती आणि भिंतींना पोरांचे कागद टाचलेले होते. लोहाराच्या मुलाच्या कागदावर बाजाराच्या दिवशी गाड्यांचा खांब कागदाबाहेर जाऊन भिंतीवर चढला होता. शिंप्याच्या मुलीच्या कागदावर नुसतीच रेघ होती. "कोंबडी अजून रुसलेलीच आहे," ती म्हणाली आणि सगळे हसले. बाई म्हणाल्या, "शून्य हीसुद्धा माहितीच असते. शाबास."

चिंगी उभी राहिली. घरच्या भिंतीवरून अलगद सोडवून आणलेल्या कागदावर छडीच्या टोकानं खांब दाखवत ती खणखणीत बोलली. बाईंनी विचारलं, "हे काळे खांब मध्येच का खाली गेले?"

"काकूचा हात," चिंगी म्हणाली. "गाय तिच्या हाताला पान्हा चोरते. काकूचं लक्ष नसतं. आईनं सांगितलं."

बायकांत हसू पसरलं. शेजारीण पदर तोंडाला लावून म्हणाली, "शिकलेल्या हाताला गाय लाजत असेल हो!"

धाकटीचं तोंड कानापर्यंत लाल झालं. तिनं मान खाली घातली आणि सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसली. थोरली ताठ बसली होती. तिला वाटलं होतं, या घटकेला आपल्याला गार वाटेल. पण चिंगी मान उंचावून काकूकडंच बघत होती, आपण बरोबर सांगितलं ना, असं विचारल्यासारखी.

"हे झालं तुझं अनुमान," बाई म्हणाल्या. "खरं की खोटं, हे कसं बघशील? हात बदला. एका संध्याकाळी आईनं काळीची धार काढायची, काकूनं तांबडीची. मग मोज."

घरी म्हाताऱ्यालाही ते पटलं. "होऊन जाऊ द्या," तो म्हणाला. "व्यापारी परवा येतोय. त्याच्या आधी कळलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी तळ्यावर गेलीच नाही. ती ओट्यावर धान्य निवडत बसली. थोरली दोनदा गोठ्याच्या दारापर्यंत गेली आणि परत आली. पण तिचा हिशेब सोपा होता. वासराची गरजच नव्हती. सगळं दूध काढायचं नाही, अर्धं कासेत ठेवून उठायचं. धार कमी पडली तर लोक म्हणतील, हाताचं काही नाही, गायच आटली. मग काळी जाईल, तांबडी राहील.

संध्याकाळी दोघी समोरासमोर बसल्या. थोरली काळीच्या कासेखाली, धाकटी तांबडीच्या. मधे चिंगी माप घेऊन उभी, दारात म्हातारा, आणि त्याच्यामागं न बोलावता आलेली शेजारीण.

तांबडीनं धाकटीला हात लावू दिला नाही. शेपटी तोंडावर मारली, मागचा पाय झाडला, भांडं कलंडलं. धाकटीनं ते परत सरळ केलं, परत बसली. धार थेंबाथेंबानं पडत होती. घाम तिच्या नाकावरून खाली ओघळत होता.

थोरलीनं काळीच्या कासेला हात घातला. कास तट्ट भरलेली होती. पहिली धार भांड्याच्या तळाला लागली ती वाजली. तिची बोटं आपसूक चालायला लागली. शेजारीण मागून म्हणाली, "हात बघा हो थोरलीचा!"

आता थांबावं, तिनं मनाशी म्हटलं. भांडं अर्धं झालं होतं. तिनं डोळ्याच्या कडेनं पलीकडं बघितलं. धाकटी तिच्याकडंच बघत होती, त्या फेसाळत्या धारेकडं. आणि चिंगी काकूच्या बाजूनं सरकत सरकत आईच्या खांद्याशी येऊन उभी राहिली होती. "आई, कसली धार आहे गं तुझी!"

थोरली थांबली नाही. तिला थांबताच आलं नाही. बघू दे हिला, बघू दे सगळ्यांना. तिनं कास पार शेवटच्या थेंबापर्यंत पिळली. फेस भांड्याच्या काठावर आला. मनगटं दुखत होती, आणि लग्न होऊन आल्यापासून तिला एवढं सुख झालं नव्हतं.

चिंगीनं मोजलं. माप भरत राहिलं. कोळशाचा खांब सगळ्या खांबांच्या वर गेला. विटेची मात्र एकच चौकट रंगली.

"हात थोरलीचा," म्हातारा दारातून म्हणाला. "त्यात वादच नाही." मग त्यानं घसा खाकरला. "आणि गाय काळी. तांबडी जाईल."

थोरलीच्या हातात भांडं होतं. ते तिनं खाली ठेवलं, सांडू न देता.

"मामंजी, तांबडीला परका हात चालत नाही. म्हणून आज..."

"आजचं सोड. तुझ्या हातात असतानाही काळीच्या मागंच होती ना? आता काळी तुझ्या हातात दिली. घराला अजून काय पाहिजे?"

व्यापारी आला तेव्हा तांबडी त्याच्याबरोबर निघेना. तिनं पुढचे पाय रोवले. व्यापाऱ्यानं शेपूट पिरगळायला हात घातला, तशी थोरली म्हणाली, "तुम्ही नका. मी आणते." ती पुढं चालली आणि गाय तिच्यामागं, नेहमी पाण्याला जायची तशी. मोठ्या रस्त्याला तिनं दावं व्यापाऱ्याच्या हातात दिलं आणि वळली. मागून हंबरडा आला. ती भरभर चालत राहिली.

घरी धाकटी गव्हाण झाडत होती. तांबडीच्या जागेवरचा पालापाचोळा तिनं गोळा केला होता, पण काढला नव्हता.

"आता तुला बरं वाटलं असेल," थोरली म्हणाली.

धाकटीनं झाडू थांबवला. "नाही वाटलं."

"कसं नाही? तुझी गाय राहिली."

"माझी कुठं जाऊबाई, धार आता तुमचीच." ती थोरलीकडं वळली. "मला माहीत होतं. दुपारची मी तळ्यावरून यायची, तर वासराच्या तोंडाला फेस वाळलेला असायचा. पहिल्याच दिवशी बघितला."

थोरली गव्हाणीला टेकली. "मग बोलली का नाहीस? शाळेत एवढ्या बायका हसल्या तुला."

"काय बोलणार? चिंगी कारण शोधत होती. मी सांगितलं असतं तर तिनं ते लिहिलं असतं. सगळ्या वर्गापुढं वाचलं असतं. आपल्या आईचं." धाकटीनं झाडू पुन्हा चालू केला. "म्हटलं, हातावर जातंय तर जाऊ दे. हाताला काय होतंय."

थोरली बघत राहिली. रागावून बोलली असती, भांडली असती, तर बरं झालं असतं. गाय तिची राहिली, अक्षर तिचं, पोरीचा जीव तिच्यावर, आणि आता हा मोठेपणाही तिचाच. जन्मभर हिच्या उपकाराखाली वाकून चालायचं? माझ्या पोरीपुढं माझी लाज झाकणारी ही कोण?

ती तशीच स्वयंपाकघरात गेली. चिंगी कागदाखाली पाटावर बसली होती आणि नवी अक्षरं गिरवत होती. बाईंना परत नेऊन दाखवायचं होतं.

"काय लिहितेस?"

"कारण. काकूचा हात."

"ते नको लिहू." थोरलीचा आवाज तिलाच ओळखू येईना. "वासरू सुटलं होतं म्हणून लिही. आईनं सोडलं होतं. दुपारी. काकू तळ्यावर गेली की."

चिंगीनं मान वर केली. मग तिनं विचारलं, "कुठल्या दिवशी?"

थोरली कागदाजवळ गेली. हात पदराला पुसला, कोरडा केला, आणि कोळशाच्या खांबांवर बोट ठेवत गेली. "हा. हा एक. आणि हा."

चिंगीनं प्रत्येकाखाली फुली केली. ओठ घट्ट मिटलेले होते. मग तिनं अजून एका बुटक्या खांबावर पेन्सिल ठेवली. "आणि हा?"

"तो नाही. त्या दिवशी आजोबांनी तिला लांब पाण्याला नेली होती. ऊन लागलं होतं तिला. तो मी नाही केला."

"नक्की?"

"नक्की गं."

धाकटी गोठ्याच्या दारात येऊन उभी होती, हातात झाडू तसाच. चिंगीनं आईकडं बघितलं. मग तिनं मान वळवून काकूकडं बघितलं.

काकूनं मान हलवली. हो, खरं आहे.

तेव्हा कुठं चिंगीनं पेन्सिल खाली टेकवली, आणि लिहिलं.